बैलांवर उठलेला मोर

पोळ्याच्या दिवशी बैल आराम करतात आणि बायांच्या मानेवर जू येतं, असं दुर्गाबाईचं म्हणणं होतं. ते तिचं सकाळपासून ज्याला त्याला ऐकवून झालं होतं. पुरण शिजलं, वाटलं, घरचा आणि गड्यांचा स्वयंपाक उरकला. आता जेवून पुरुषमाणसं ओसरीवर लवंडली होती आणि दोघी जावा गोठ्यात बैल रंगवायला आल्या होत्या.

हरण्या आणि चांद्या ओढ्यावर धुऊन आल्यामुळे डोळे दिपतील इतके पांढरे दिसत होते. गावची ढोरं जमायची त्या आखरावर तोरणाखालून पहिली जोडी जायची ती नत्थुजीची, या दोघींच्या सासऱ्याची. हा मान त्याच्या आज्यापासूनचा. चुलतभाऊ किसनराव दरसाल त्यावर डोळा ठेवून असे आणि दरसाल मागच्या जोडीला राहून घरी जाई.

"गेरूचे पंजे तर सारं गावच उठवते," रुख्मिणी म्हणाली. "बाई, आपन आज मोर उठवू."

"कोनता मोर वं?"

रुख्मिणीनं पदराखालून फडक्यात गुंडाळलेली फळी काढली. फळी शिसवीची, पाटाच्या निम्मी. तिच्यावर पितळी पट्ट्यांचा मोर बसवलेला, चोचीत कापसाचं फुटलेलं बोंड धरलेला.

हे तिच्या नवऱ्याचं, खुशालरावाचं काम. अकोल्याला मुंबईवाल्या शेठचा दाबखाना निघाला होता. तिथे रुई पेचाखाली दाबून गठाणी बांधत आणि प्रत्येक गठाणीच्या तरटावर शेठचा मोर उठवत. मोर कापून द्यायचा कासार; तो फळीवर बसवायचा खुशालराव. ऐकायला सोपं वाटतं. पण पट्टी एका अंगाला केसभर खाली राहिली तरी मोराची शेपटी उठत नाही, आणि शेपटी उठली नाही तर मुंबईचा दलाल म्हणतो, हा माल आमचा नव्हे. म्हणून खाली लाख ओतायची, जिथे पट्टी दबते तिथे जुन्या लुगड्याच्या चिंधीचा थर द्यायचा, खिळे मारायचे, तरटाच्या तुकड्यावर उठवून पाहायचं, पुन्हा उपसायचं. पावसाळ्यात पेच बंद राहून दाबखान्यात दुरुस्तीची कामं चालत; फळ्या ओल धरून वाकत, आणि वाकलेल्या फळ्या खुशालराव सणाला येताना घरी आणून नीट करी. विलायतेला अमेरिकेतून कापूस जाईनासा झाल्यापासून वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता, आणि म्हणून कुणब्याच्या पोराला हा असला धंदा सुचला होता, असं गाव म्हणे.

"भावजीले इचारलं का?" दुर्गाबाईनं विचारलं.

"ते तेल्हाऱ्याले गेले, घुंगरू आनाले. आले म्हन्जे पाहतीन न. मामाजी बी पाहतीन."

खरं कारण शेवटच्या वाक्यात होतं. दोन वर्षं झाली, रुख्मिणी सासरी आणि नवरा अकोल्यात. तो सणावाराला येई, चार दिवस राही आणि जाई. अकोल्यात त्यानं एक खोली पाहून ठेवली होती. औंदा त्यानं बापाला धीर करून विचारलं, हिला घेऊन जाऊ का? नत्थुजी म्हणाला, पोळा झाल्यावर सांगतो. नत्थुजीच्या लेखी पोरानं सुताराचं काम धरलं होतं. त्यानं आजवर ना दाबखान्यात पाय ठेवला होता, ना एखादी फळी हातात घेऊन पाहिली होती. रुख्मिणीला वाटे, एकदा त्यानं हे काम डोळ्यांनी पाहिलं की तो नाही म्हणणार नाही. म्हणूनच तिला मोर बैलांवर हवा होता. कुठल्याही वर्षी नाही, याच वर्षी.

दुर्गाबाईला हे सगळं कळत होतं. धाकटी गेली की सगळं घर तिच्या एकटीच्या अंगावर पडणार, हेही कळत होतं. शिवाय रुख्मिणी तिला आवडत होती. तरी ती म्हणाली, "आन इकडे. म्या बैल धरते, तू उठव."

गेरूनं मोर नीट उठेना. तेव्हा रुख्मिणीनं नवऱ्याच्या पिशवीतला शाईचा गडू आणला. काजळी आणि जवसाचं तेल घोटून केलेली, काळीभोर. चिंधीनं पट्ट्यांना शाई लावली, फळी हरण्याच्या पुठ्ठ्यावर टेकवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली. बैलाची कातडी थरथरली, पण मोर उठला. पिसापिसासकट उठला. मग चांद्यावर. दोघी मागे सरून बघत राहिल्या आणि दुर्गाबाई म्हणाली, "अवो माय! आता किसनमामंजीच्या पोटात दुखते, पाह्य."

तेवढ्यात नत्थुजीच गोठ्यात आला. दोघींनी पदर सावरले. म्हातारा बैलांभोवती एक फेरी मारून आला, मोरापाशी थांबला, बोट लावणार होता, ते आवरलं.

"कोनं काढला?"

"यायच्या ठशाचा आहे," रुख्मिणी जमिनीकडे पाहून, नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली.

नत्थुजीनं मान हलवली. "झाक उठला," तो म्हणाला आणि झूल काढायला आत गेला. नत्थुजीच्या तोंडून दोन शब्द बरे निघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून पोवाडा. रुख्मिणीला इतका आनंद झाला की तिनं चांद्याच्या मानेला मिठी मारली, आणि चोळीला शाई लागली तेव्हा दुर्गाबाईची बोलणी खाल्ली.

खुशालराव तेल्हाऱ्याहून उशिरा निघाला, तो घरी न येता सरळ आखरावर गेला. इथेच सगळं हुकलं. घरी आला असता तर बैल दाराबाहेरच पडले नसते.

*

आखरावर गावची सगळी ढोरं जमली होती. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली डफडी, पोरांचा गिल्ला. महादेवराव, नत्थुजीचा थोरला, दुर्गाबाईचा नवरा, हरण्या-चांद्याला घेऊन तोरणापुढे उभा राहिला. पाठीवर झुली होत्या, पुठ्ठे मोकळे. लोक येऊन मोर पाहून जात होते आणि महादेवरावाला ते आवडत होतं. तो अबोल माणूस. वर्षातला हा एकच दिवस लोक त्याच्याकडे आपण होऊन येत.

तेवढ्यात सहदेव आला. सहदेव अकोल्याच्या दाबखान्यात गाड्यांचा मुकादम. त्याची सासुरवाडी याच गावची, म्हणून पोळ्याला आलेला. दाबखान्याच्या नव्या छपराचं लाकूड वाहायला बैल हवे होते, तेही तो गावोगाव धुंडत होता. मोर पाहताच त्याला मनापासून हर्ष झाला.

"अरे! हा तं आमचा मोर!" तो ओरडला. "शेठच्या गठाणीवरचा! बोंडासकट!"

आजूबाजूचे हसले. किसनराव हसला नाही. तो पुढे आला, वाकून मोर पाहिला आणि सहदेवाला शांतपणे विचारलं, "पाव्हने, गठाणीवर हा मोर असला म्हन्जे ते गठान कोनाची?"

"शेठची. दुसऱ्या कोनाची?"

"मंग बैलावर असला म्हन्जे?"

चूक सहदेवाला कळली, पण शब्द तोंडून गेला होता. किसनरावानं डफड्यावाल्याला हात केला, डफडं थांबलं, आणि त्यानं झडती म्हटली, पोळ्याला तोरणापुढे म्हणतात ते टोमण्याचं गाणं. पोळ्याची झडती अडवता येत नाही, आणि त्यात बोललेल्याचा राग धरायचा नसतो, हे तो चांगलं जाणून होता.

"मोर नाचे आंब्याच्या बनी,
आज नाचला बैलाच्या पाठीवनी.
चारा नत्थुजीचा, शिक्का शेठचा,
सांगा गड्यांनो, खरा कोन धनी?
हर बोला, हर हर महादेव!"

सगळा आखर "हर हर महादेव" म्हणून गरजला. तेही म्हणावंच लागतं. महादेवरावानं स्वतःही म्हटलं आणि म्हणून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय म्हटलं.

"इकले काय रे नत्थुभाऊ बैल?" किसनराव आता मोठ्यानं बोलला. "इकले असतीन तं सांग. तुहे बैल तुह्या मर्जीचे. पन दुसऱ्याच्या धन्याचे बैल गावच्या तोरनाखालून पयले जात नसतात. हा गावचा दंडक आहे, माहा नाई."

"कोनी इकले नाई," नत्थुजी म्हणाला.

"मंग ठसा कोनं उठवला, कावून उठवला, ते चार लोकांत सांग. पोट्ट्या-बायकायनं खेळता खेळता उठवला असंन तं जिनं उठवला तिनं इथं येऊन सांगावं. इषय मिटला. पयले बैल तुहे."

खुशालराव तेव्हाच गर्दीतून पुढे आला होता, हातात घुंगरांच्या माळा. त्यानं मोर पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. सहदेवानं त्याला बाजूला ओढलं. महादेवराव जवळ होता, त्याला ऐकू आलं.

"खुशालराव, फळी घरी न्याची परवानगी आहे. पन ठसा दाबखान्याच्या तरटाबिगर कशावरच उठवाचा नाई, कोऱ्या चिंधीवर बी नाई. तुमाले ठाऊक आहे. मागल्या साली तो अमरावतीचा गडी याच्याच पायी कामावरून गेला. म्या पाह्यलं नसतं तं बरं झालं असतं. आता पाह्यलं. अन् उद्या कोनी इचारलं तं मी काय सांगू?"

"बैलांले पानी पाजून आनतो," नत्थुजी म्हणाला आणि कासरा महादेवरावाच्या हातातून घेतला. उन्हं अजून वर होती. तोरण दिवस मावळता तुटायचं. लोकांनी वाट दिली. पाणी पाजायला कोणी आखरावरून बैल घरी नेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

*

"उठवला कोनं?" पार्वताबाईनं विचारलं. ती नत्थुजीची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी आली तेव्हापासून घर तिच्या शब्दावर चालत होतं, आणि नत्थुजीला अजून 'नत्थू' म्हणणारी गावात ती एकटी उरली होती.

"म्या," रुख्मिणी म्हणाली.

"म्या बैल धरला होता," दुर्गाबाई लगेच म्हणाली.

"तुले कोनं इचारलं?"

"कोनी नाई. म्या सांगून राहिली."

अंगणात खुशालराव तेल आणि राखेनं हरण्याचा पुठ्ठा घासत होता. जवसाची शाई ती. वाळली की दगडावरून निघत नाही. मोर पुसट होण्याऐवजी त्याच्या भोवती काळपट डाग पसरला आणि मोर मात्र जिथल्या तिथे राहिला. इतक्या मेहनतीनं बसवलेला ठसा न निघाल्याबद्दल कारागिराला शिव्या द्याव्यात की शाबासकी, हे त्यालाच कळेना. त्यानं चिंधी फेकली.

"निंघत नाई," तो म्हणाला.

"करायला गेलो गणपती अन् झालं माकड," पार्वताबाई म्हणाली. "आता आयका. किसन काय म्हन्ते? जिनं केलं तिनं येऊन सांगावं. हे रुख्मिणी जाईन, डोक्यावरून पदर घेईन, म्हनंन, मी नादान, माह्या हातून झालं. तोंडाचे चार शब्द. आज्याच्या येळचा मान राहते."

"अन् सहदेव?" खुशालराव म्हणाला. "त्याच्या समोर बोलली की दाबखान्याचा ठसा घरच्या बाईनं बैलावर उठवला, मंग माहं काम गेलं आत्या. एका दिवसात गेलं."

"गेलं तं गेलं! घरी वावर नाई काय? कुनब्याचं पोरगं लाख वितळवत बसते!"

महादेवराव खांबाला टेकून उभा होता. पेरणी त्यानं एकट्यानं केली होती, डवरणी एकट्यानं, आणि पुढची वेचणीही त्याच्याच अंगावर येणार होती. भाऊ घरी आला तर त्याला हवाच होता. मनात आलं, एवढं बोलून टाकावं, आत्या म्हणते ते खरं आहे. सगळं आपोआप जुळून येत होतं. त्याला फक्त मान हलवायची होती. त्यानं बायकोकडे पाहिलं. दुर्गाबाई त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत असं काही होतं की त्यानं मान हलवली नाही.

"दुसरं सांगता येते," दुर्गाबाई म्हणाली. "मी जाते आखरावर. मी सांगते म्या उठवला, ते फळी म्या चोरून घेतली. भावजीचा काय दोष?"

"फळी त्याच्याच ताब्यातली न," पार्वताबाई म्हणाली. "चोरली कोनी बी, जबाबदारी त्याचीच. तुही अक्कल तुह्यापाशीच ठेव."

"मंग किसनमामंजीले पयले जाऊ द्या!" दुर्गाबाईचा आवाज चढला. "एक साल त्याचे बैल पुढे गेले तं आभाय कोसळते का?"

एवढ्या वेळात पहिल्यांदा नत्थुजीनं मान वर केली. दुर्गाबाईनं जीभ चावली.

रुख्मिणीनं फळी उचलून फडक्यात बांधली. ती आता रडत नव्हती. रडून झालं होतं, गोठ्यात, मघाशी. "मी जाते आखरावर," ती म्हणाली. "आत्याबाई म्हन्तात तसं सांगते. चूक माही आहे. मामाजीची मान माह्यापायी खाली नाई जाऊ देत."

"अन् अकोला?" खुशालरावानं विचारलं. हे त्यानं वडीलधाऱ्यांसमोर बायकोला सरळ विचारलं. एरवी या घरात असं कोणी करत नसे.

"नाई जाऊ," रुख्मिणी म्हणाली. मग तिचा धीर सुटला आणि ती सासऱ्यासमोरच बोलून गेली. "दोन वर्षं थांबली न मी? मले वाटलं मामाजी एक डाव काम पाहतीन तं जाऊ देतीन म्हून. म्हून उठवला. दुसऱ्या कशासाठी नाई. इथं राहाले मले दुःख नाई, बाई आहेत, पन मले तुमच्या संगं राहाचं होतं. आता झालं ते झालं."

नवरा मेल्यावर पार्वताबाई या घरात आली तेव्हा रुख्मिणीहून लहान होती. ती उठून आत गेली आणि विनाकारण चूल फुंकत बसली.

नत्थुजीनं खुंटीवरचा फेटा काढून पुन्हा नीट बांधला. "महादेवा, बैल सोड," तो म्हणाला. "खुशाल, तू बी चाल. बायकांपैकी कोनी येऊ नये."

*

आखरापर्यंतची वाट थोडी. नत्थुजीनं ती सावकाश चालून काढली. लहान असताना तो बापाच्या खांद्यावर बसून या वाटेनं गेला होता; तेव्हा किसनचा बाप मागच्या जोडीपाशी उभा राहून दात-ओठ खात असे. पुढे किसन उभा राहू लागला. नत्थुजीला हे दरसाल पाहायला आवडे, आणि आपल्याला ते आवडतं हे तो स्वतःपासून लपवत नसे. मोठ्या मनाचा माणूस म्हणून त्याची ख्याती नव्हती.

मोराला त्यानं स्वतः 'झाक' म्हटलं होतं. ती गोष्टही त्याला खुपत होती. पोराचं काम आपण एकदा तरी जाऊन पाहिलं असतं, एक गठाण तरी पाहिली असती, तर हा मोर शेठचा आहे हे गोठ्यातच कळलं असतं. सून लहान आहे. आपण लहान नव्हतो.

तोरणापुढे लोक वाटच पाहत होते. किसनरावानं बैलांमागे नजर टाकली. बाईमाणूस कोणी दिसलं नाही.

"काय मंग नत्थुभाऊ? कोनं उठवला?"

"खुशालनं," नत्थुजी म्हणाला. "माह्या सांगन्यावरून."

खुशालरावानं दचकून बापाकडे पाहिलं. नत्थुजी पुढे बोलतच राहिला, बाजारात ढोराचा व्यवहार बोलावा तसा.

"दाबखान्याले छपराच्या लाकडासाठी बैल पायजेत. हे जोडी म्या त्यायच्या कामाले लावली. कामाले लावलेल्या बैलावर त्यायचा ठसा उठला, याच्यात वावगं काय? इकले नाई. बैल माहे आहेत. पन काम शेठचं करतीन."

सहदेव पुढे झाला. "अन् मले कोनी कसं सांगतलं नाई? बैल तं मीच धुंडून राहिलो!"

"आता सांगून राहिलो न."

सहदेवानं खुशालरावाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. तो काही दूधखुळा नव्हता. पण त्याला खरोखर बैल हवे होते, आणि सासुरवाडीच्या गावात कोणाचं काम घालवून जायची त्याला हौस नव्हती. "मंग ठसा बरोबर आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कामाचे बैल, कामाचा ठसा. माहं काही म्हननं नाई."

किसनरावाला एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला. "म्हन्जे बैल भाड्यानं दिले तुनं?"

"दिले."

"नत्थुभाऊ, भाड्याचे बैल पयले…"

"मले ठाऊक आहे दंडक. तू कावून सांगून राहिला?" नत्थुजीनं कासरा ओढून हरण्या-चांद्याला बाजूला घेतलं. तोरणाखालची जागा मोकळी झाली. "ने तुहे बैल."

डफडं वाजलं. किसनरावाची जोडी तोरणाखालून गेली. तिच्या शिंगांवरचं बेगड नीट चिकटवलंही नव्हतं, कारण पहिलं जायचं असं त्याच्या घरी कोणी धरलंच नव्हतं. पोळा फुटला, पोरं तोरणाच्या पानांवर तुटून पडली. नत्थुजी आपली जोडी घेऊन सगळ्यात मागे थांबला आणि शेवटचा बैल जाईपर्यंत हलला नाही. खुशालराव शेजारी उभा होता. त्याला बापाच्या पाया पडावंसं वाटलं, पण आखरावर सगळ्यांदेखत पडलो तर झालेलं सगळं उघडं होईल, म्हणून तो नुसता उभा राहिला.

*

दिवेलागणीला दारात बैलांची पूजा झाली. पुरणपोळीचा पहिला घास हरण्याला, दुसरा चांद्याला. मग पुरुषांची पानं मांडली. आखरावरची बातमी माणसांच्या आधी घरी आली होती. पार्वताबाई आतून पुटपुटत होती, सात पिढ्यांचं नाक कापलं, सात पिढ्यांचं. मान तीन पिढ्यांचा होता, पण तिला कोण सांगणार.

महादेवरावानं दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"बाबा, एक इचारू?"

"इचार."

"तुमी जन्मात चार लोकांत खोटं बोलले नाई. आज कावून बोलले?"

"कोन खोटं बोललं?" नत्थुजीनं पोळीवर तूप ओढून घेतलं. "उद्या पोळ्याची कर आहे, निंघता येत नाई. परवा गाडी जुंपाची. हरण्या-चांद्या अकोल्याले चालले."

"खरंच?"

"बोललो न आखरावर."

"अन् रब्बीची वखरनी? आपल्या घरच्या सगळ्यात चांगल्या जोडीशिवाय मी काय करू?"

"म्हातारी जोडी आहे. तू आहे. मी आहे, वखर धरता येते मले अजून." नत्थुजी थांबला. "तुले जड जाईन महादेवा. मले माईत आहे."

एवढं या घरात महादेवरावाला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं मान खाली घालून पुढचा घास घेतला. दारामागे दुर्गाबाई उभी होती. तिनं पोळ्यांची परात रुख्मिणीच्या हातात कोंबली आणि तिला पुढे ढकललं.

रुख्मिणी वाढायला वाकली. नत्थुजीनं पानावर हात आडवा धरला नाही, वरही पाहिलं नाही.

"सूनबाई."

"जी, मामाजी."

"परवा गाडी गावातून निंघंन. बैलावर शेठचा मोर, अन् गाडी रिकामी, असं दिसलं तं किसन म्हनंन, नत्थू खोटं बोलला, बैल इकलेच. ते मले चालत नाई." त्यानं पाण्याचा गडू उचलला, प्यायला नाही, तसाच खाली ठेवला. "गाडीत माहं मानूस पायजे. घरची सून बसली असली म्हन्जे गाव समजते, बैल आपल्या धन्याचेच आहेत. तू बस."

"कुठवर, मामाजी?"

"कुठवर म्हन्जे? बैल अकोल्याले चालले तं अकोल्यापरेंत. मंग तिथंच राहा. बैलावर ध्यान ठेव, जुवानं खांदा सोलला तं खुशालले दिसाचा नाई, त्याचं ध्यान फळ्यायवर."

रुख्मिणीनं हो म्हटलं की नाही, ते कोणालाच ऐकू आलं नाही. ती परात हातात घेऊन तिथेच पंगतीत उभी राहून रडू लागली. खुशालराव पानाकडे पाहत राहिला. पार्वताबाई आतून ओरडली, "अवो, पोळ्या वाढ न बाई, थंड होऊन राहिल्या!" तेव्हा दुर्गाबाई पुढे आली, तिनं रुख्मिणीच्या हातातली परात काढून घेतली आणि सगळ्यांना स्वतः वाढलं.